तेराव्यानंतरची ट्रंक

बाप नीट कळतो तो तेराव्यानंतर, ट्रंकेचं कुलूप तोडल्यावर. अण्णांच्या ट्रंकेत वर धोतरजोडी, खाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा आणि 2009नंतर नोंदच नसलेलं पासबुक. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, ती मागायची मात्र आपल्याच बँकेत. अण्णांकडे हयातीत पन्नास रुपये मागायची कोणाची छाती नव्हती. आता सगळे रांगेत, दाखल्याच्या झेरॉक्ससह.

सातबाऱ्यावर जमीन अजून आजोबाच कसत होते. 1978 साली गेले, पण पीकपाणी चोख.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा. महाराष्ट्रात 1994पासून, देशभर 2005पासून. आमच्या घरी तो कायदा भाऊबीजेपर्यंत टिकला. सुतकाचं वर्ष म्हणून आकाशकंदीलसुद्धा नव्हता, पण भाऊबीज तेवढी दादाने आग्रहाने करायला लावली. ओवाळणीच्या ताटात पाचशेची नोट ठेवली आणि नोटेखाली हक्कसोडपत्राचा मसुदा. ‘सही काय, नुसती औपचारिकता गं.’ (मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू?)

ताईने नोट ठेवून घेतली, कागद परत दिला. वारस नोंदीत आता तिचंही नाव आहे.