जतन

मॉलमध्ये मी एक रुपया खर्च करत नाही. ऑनलाइन सेल लागला की आजूबाजूची शहाणीसुरती माणसं मध्यरात्रीपर्यंत जागून बूट आणि पडदे मागवतात. मी दहाला झोपतो आणि सकाळी चहा पिता पिता चंगळवाद या विषयावर घरच्यांना चार शब्द ऐकवतो. मुलगी म्हणते, "बाबा, हे चपलांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभा राहून बोल ना." तिला कळत नाही. त्या कपाटात चपला नाहीत, वारसा आहे. लोक खरेदी करतात, मी जतन करतो.

जतनाची सुरुवात कोल्हापुरात झाली. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर चप्पल लाईन टाळायला मनोनिग्रह लागतो, आणि माझ्याकडचा मी रांगेतच संपवलेला असतो. दुकानदाराने कापशी चप्पल पुढ्यात ठेवली. खिळा एकही नाही, शिवण सगळी चामड्याच्या वादीची. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. पट्ट्यावर बारीक वेणी, वर गोंडा, दोन्ही बाजूंना कान. त्याने चप्पल हातात घेऊन वाकवली आणि सोडली. ती पुन्हा सरळ झाली, मी मात्र वाकलो तो वाकलोच. मला नऊ नंबर लागतो, त्याने आठ दिला.

"घट्टच घ्याची सायेब. कातडं हाय, पायाचं ऐकतंय."

आजतागायत पायच कातड्याचं ऐकतो आहे. पण तो प्रश्न पुढचा. पैसे देताना त्याने विचारलं, "विंचू बसवू का?" मी टुणकन मागे सरलो. तेव्हा कळलं की चालताना करकर आवाज यावा म्हणून तळाच्या थरांमध्ये बसवतात त्या चिजेला विंचू म्हणतात. "माणूस आल्यालं कळाय नको?" तो म्हणाला. मला एकदम पटलं. इतकी वर्षं नोकरी करून मी आल्याचं कुणालाही कळलेलं नव्हतं.

त्या चपला पहिल्यांदा घातल्या त्या ऑफिसातल्या एका जुन्या साहेबांच्या शोकसभेला. धोतर-टोपीची पिढी संपली, निदान पायात तरी काही मराठी असावं, असा विचार. हॉलमध्ये शिरलो तेव्हाच दोन-चार डोकी वळली. मला खुर्ची मिळाली ती नेमकी दुसऱ्या रांगेत, तिथवर मी करकरत गेलो. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आठ नंबरच्या चपलेत नऊ नंबरचा पाय दोन मिनिटं स्तब्ध राहू शकत नाही. उजव्या अंगठ्यातून कळ आली, भार डाव्यावर टाकला: करकर. डावी करंगळी ठणकली, भार उजव्यावर: करकर. साहेबांच्या पत्नीने डोळे उघडून पाहिलं. शेवटी मी हळूच दोन्ही चपला काढल्या आणि थंडगार फरशीवर अनवाणी, हात जोडून उभा राहिलो. सभा संपल्यावर एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "पायातलं काढून उभे राहिलात! तुमचा इतका घरोबा होता, हे माहीत नव्हतं हो." मीही मान खाली घातली. काय सांगणार?

चावणाऱ्या चपलेला तेल पाजतात म्हणून मी एरंडेल चोळलं. दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत माझी तेलकट पावलं उमटली. बायको म्हणाली, लक्ष्मीची असती तर रांगोळी तरी वाचली असती.

अशा वातावरणात जून 2025 मधली ती बातमी आली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव मात्र घेतलं नाही. इकडे गहजब झाल्यावर कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलेची. मी बातमी घरात दोनदा वाचून दाखवली, दुसऱ्यांदा उभा राहून. "अहो, मग त्यांना आपलं कपाट दाखवा," बायको म्हणाली, "न घातलेले जोड आहेत, एकदम घेऊन जातील." तिला जीआय म्हणजे काय ते समजावलं. 2019 मध्ये कोल्हापुरीला हे भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नव्हे: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. एकूण आठ जिल्हे. म्हणजे सीमाभागावर अन्याय होऊ द्यायचा नसेल तर किमान आठ जोड. हे गणित घरात कुणालाही समजत नाही.

घरसजावटीबाबतही माझं धोरण हेच. झोपाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर अजून सोसायटीची मीटिंग व्हायची आहे. पाडलेल्या वाड्यातली सागवानी फळी आणि पितळी कड्या मी जुन्या बाजारातून आणल्या. विकणारा म्हणाला, पेशवाईतल्या आहेत. कड्या टांगायला स्लॅबला भोकं पाडावी लागतात, आणि आमच्या वरच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. सध्या फळी भिंतीला टेकून आहे. पाहुणे विचारतात, "इस्त्रीसाठी का?"

हंड्याचं मात्र नीट सांगायला हवं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी गेलो तो नुसता आवाज ऐकायला. ठाक ठाक ठाक, एका लयीत. कारागीर हंडा फिरवत होता आणि हातोडीचे ठोके असे शेजारी शेजारी बसत होते की पत्र्यावर माशाचे खवले उगवावेत. याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांडं टिकतं. एकेका ठोक्यात उजेड वेगळा चमकत होता. मी रिक्षात हंडा मांडीवर घेऊन घरी आलो आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, दिव्याखाली मांडला.

आई जपाची माळ ओढत बसली होती. तिने हंड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा कुठून परत आला?" तिने विचारलं.

तिच्या सासूबाईंच्या काळातले दोन हंडे, एक घंगाळ आणि तपेली तिने स्वतः मोडीत घातली होती. स्टील आलं तेव्हा पेठेतल्या सगळ्या बायकांनी घातली. रोज पहाटे चिंच आणि राखेने ती घासता घासता तिच्या बोटांची सालं निघत. मोडीच्या पैशांत तिने स्टीलचे डबे घेतले आणि त्या दिवशी, तिच्याच शब्दांत, "सुटले बाई." आता पोटच्या पोराने मोडीच्या कैकपट भाव देऊन तेच तांबं घरात आणलं होतं. मी तिला मठारकाम दाखवलं. ती म्हणाली, "पोचे आलेत. भाव कमी करून मागायचास."

आठवडाभरात हंडा काळवंडला. घासतो मीच. जतन आहे ते.

एवढं झाल्यावर हातमागाच्या प्रदर्शनातलं जाकीट मी कुणाला न दाखवता कपाटात टांगलं, यात माझं काय चुकलं? खादीचं, हाताने कातलेल्या सुताचं, अस्सल निळीत रंगवलेलं. सुतात जागोजाग गाठी. विणणाऱ्याने सांगितलं, गाठ हीच हातकामाची खूण. एका धुण्यात रंग उतरला; तो म्हणालाच होता, नैसर्गिक रंग जिवंत असतो. इस्त्री तर करायचीच नसते. एका लग्नात घातलं तर मान आणि कॉलर एकाच रंगाची झाली, पण लोक निरखून बघत होते हे खरं.

परवा कपाट उघडलं तर हँगर रिकामा. सगळीकडे शोधलं. बायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात. आईला विचारलं तर ती स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर स्टीलचं कोरं पातेलं होतं, लख्ख.

"बोहारीण आली होती रे दुपारी. हल्ली येतात कुठे त्या! तुझं ते विटकं जाकीट दिलं टाकून. रंग गेलेला, सुरकुत्या, सगळीकडे गाठी पडलेल्या. तिने आधी घेतलंच नाही, म्हणाली, आजी, हे पायपुसण्यालाही चालायचं नाही."

मी पातेलं हातात घेतलं. आईने झाकण उचलून त्यावर ठेवलं आणि पुन्हा काढून दाखवलं, बसतं की नाही ते.

"वाटीच देत होती," ती म्हणाली. "मी सोडते होय! तुझ्या दोन जुन्या चपला वर घातल्या, तेव्हा झाकणासकट दिलं."