एकरकमी तिळगूळ

भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ थापता थापता सूनबाई म्हणाली, "बाबा, मला ऑफिस आहे, आईंना हलवा करायचाय. रथसप्तमीपर्यंत मनूच्या दातांकडे तुम्ही बघायचं."

मी मान डोलावली. बोलता येत नव्हतं, कारण माझे स्वतःचे दात त्या वेळी बाथरूममध्ये वाटीभर पाण्यात पडलेले होते. ज्याला आपले बत्तीसच्या बत्तीस सांभाळता आले नाहीत, त्याच्या हवाली सहा वर्षांच्या नातीचं तोंड करणं म्हणजे बुडालेल्या बँकेच्या मॅनेजरला दुसऱ्या बँकेवर प्रशासक नेमण्यातला प्रकार. मी बँकेत सदतीस वर्षं कॅशियर होतो, त्यामुळे एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

सूनबाईच्या धास्तीला कारण होतं. दिवाळीनंतर मनूच्या एका दुधाच्या दाढेत सिमेंट भरावं लागलं होतं. शिवाय त्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात मागे नुकतीच डोकावलेली एक नवी दाढ दाखवली. ही सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, कुठलाही दात न पाडता गुपचूप मागे उगवते, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात. असते मात्र कायमची. "ही गेली तर बदली मिळणार नाही," असं बाईंनी सांगितलं. दाढेला वर बारीक खाचा असतात आणि चिक्कीच्या गुळाला त्या खाचा फार आवडतात.

मी म्हटलं, त्यात काय, रोज एकच लाडू द्यायचा, तोही तुकडे करून चार वेळा. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, ही आमची शिकवण. थोडं थोडं, जपून, पुरवून. सगळा संसार मी हप्त्यांवर उभा केला.

"नेमकं तेच नाही करायचं!" सूनबाई म्हणाली.

मग तिने मला हिशेब समजावला. आपल्या तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. मग लाळ येऊन हळूहळू ती तूट भरून काढते, पण तिला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्तच. तेवढ्यात हलव्याचा दुसरा दाणा तोंडात गेला, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हलव्याचे चाळीस दाणे मूठभरून एकदम खाल्ले तर दाताला एकच फटका, आणि एकेक करत दुपारभर चघळले तर दाताला दुपारभर सुटका नाही. किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं, ते मोजायचं.

हे कळलं कसं, तेही तिने मोबाईलवर वाचून दाखवलं. स्वीडनमधल्या लुंडला विपेहोल्म नावाचं बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीचं रुग्णालय होतं. तिथे १९४० च्या दशकात रुग्णांना दातांना चिकटणारी टॉफी मुद्दाम खायला घालून बघितलं. ज्यांनी गोड जेवणाबरोबर खाल्लं, त्यांचे दात त्या मानाने टिकले. ज्यांनी मधल्या वेळांना टॉफ्या चघळल्या, त्यांचे धडाधड किडले. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ऐकून माझ्या तोंडची चव गेली. आणि लगेच वाटलं, आपल्याकडे हाच प्रयोग दर वर्षी होतो, तोही हळदीकुंकू लावून. संक्रांत ते रथसप्तमी हे अंतर कधी दहा-बारा दिवसांत उरकतं, कधी महिनाभर लांबतं, आणि तेवढे दिवस दिसेल तो माणूस पोराच्या हातावर काहीतरी गोड ठेवतो. नाही म्हणायची सोय नाही. गोड बोलायचं असतं.

मनूने मात्र हा सिद्धांत माझ्यापेक्षा लवकर उचलला. "म्हणजे आबा, जेवण झाल्यावर सगळं एकदम खाल्लं तर चालेल?"

तत्त्वतः चालेल, असं मला म्हणावं लागलं. दिवसभर मिळालेलं सगळं स्टीलच्या डब्यात जमा करायचं, आणि रात्रीच्या जेवणावर एकरकमी परतफेड. मग चूळ, थोडं थांबायचं, आणि झोपताना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश. तोही मी तिच्या हातावर हात ठेवून करायचा, कारण या वयात पोरं समोरचे दात चकचकीत करतात आणि मागे फिरकतही नाहीत.

पहिल्या रात्री डब्यात सात लाडू होते. वरणभात पोटात गेल्यावर मनूने पहिला लाडू झटक्यात संपवला, दुसरा सावकाश, तिसऱ्याच्या निम्म्यावर डोळे मिटायला लागले. "उरलेले तुमच्याकडे ठेवा," म्हणाली. मी रीतसर तारण म्हणून ठेवून घेतले. ही योजना इतकी बिनबोभाट चालेल असं वाटलं नव्हतं.

अडचण आमच्या हिची झाली. ही हलवा घरी करते. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, शेजारी साखरेचा पाक. चमचा-चमचा पाक घालायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. पहिला दिवस जातो तो दाणा नुसता पांढरा व्हायला. दुसऱ्या दिवशी कधीतरी त्याला काटा फुटतो, आणि तो फुटला की ही मला हाक मारून दाखवते. बोटांच्या टोकांना चटके बसलेले असतात. एवढ्या कष्टाच्या पदार्थाला 'मूठभरून एकदम खा' म्हणायचं? "हलवा का फुटाणे आहेत?" ही म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर "तीळ हाडांना चांगले, आणि लाडवात साखर कुठाय, गूळ तर आहे!" जंतूंना तेवढा भेदभाव जमत नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

त्यात धाकट्या नातवाचं बोरन्हाण. वय चौदा महिने, दात आठ. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची बासरी. वरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, बत्तासे आणि अलीकडे चॉकलेटंही ओतली जातात, आणि भोवतीची पोरं तुटून पडतात. सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. बाळकृष्णाने आधी बासरी चोखून पांढरी दोरी उघडी पाडली, मग हाराचं पदक तोंडात धरलं. सूनबाईने दागिने उतरवले तेव्हा त्याने असा टाहो फोडला, की शेजारच्या आजी म्हणाल्या, "सोन्याचे काढले तरी कुणी इतकं रडत नाही गं."

पण कळस झाला हळदीकुंकवाला. वाण म्हणून सूनबाईने काय लुटावं? दरवर्षीच्या गाळण्या, डब्या सोडून लहान मुलांचे टूथब्रश. बायका ते उलटेसुलटे करून बघत होत्या. एकीने विचारलं, "चांदीची नाही का दांडी?" शेजारच्या आजींचं बोळकं झालंय, त्यांनाही एक मिळाला. आम्ही सगळे कानकोंडे झालो. त्यांनी मात्र तो डोळ्यांजवळ नेऊन केस दाबून पाहिले. म्हणाल्या, "मऊ आहे. निरांजनाच्या खाचा छान निघतील."

मी हसलो आणि तिथेच कळ मस्तकात गेली. कवळी ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. तिच्याखाली एक तीळ शिरला तर दगड चावल्यासारखं होतं. मी तोंडावर रुमाल धरून आत पळालो. मागोमाग मनू.

"आबा, लाडू खाल्ला?"

मी मान हलवली.

"जेवणावर की मधेच?"

मी उत्तर देईपर्यंत तिने डबा उघडून तारण मोजायला घेतलं. तेरा ठेवले होते, नऊ निघाले. सदतीस वर्षांत माझ्या काउंटरची रोकड एकदाही कमी भरली नव्हती.