रणगाड्याला हयातीचा दाखला लागत नाही

आमच्या चौकातल्या रणगाड्याला परवा पुन्हा रंग लागला. ऑगस्ट जवळ आला की लागतोच. जानेवारीतही लागतो. मध्येच कुणी मोठं माणूस येणार असेल तर आणखी एक हात. रंगाखाली मूळचा रणगाडा किती उरलाय, हे आता उत्खनन केल्याशिवाय कळायचं नाही.

टी-५५ जातीचा आहे. वजन ३६ टन, आत बसायला माणसं चार. सोव्हिएत बनावट. आता निवृत्त. पण निवृत्तीनंतर एवढी चांगली सोय लागलेला दुसरा फौजी आमच्या तालुक्यात नाही. काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा आहे, भोवती कारंजं आहे, डोक्यावर हायमास्ट आहे. चार बाजूंना चार कॅमेरे आणि रात्रपाळीला वॉचमन. शेजारी लाल बदाम आणि 'आय लव्ह' अशा उजळत्या अक्षरांत गावाचं नाव. प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, लोकार्पण, सगळं एका आर्थिक वर्षात उरकलं. आमच्याकडे एका आर्थिक वर्षात एवढ्या गोष्टी फक्त लग्नसराईत होतात.

चौकापासून दीडशे पावलांवर आरोग्य केंद्र आहे. तिथे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. रणगाडा रोज असतो.

या रणगाड्याच्या सावलीत दुपारचे आमचे मेजर बसतात. मेजर म्हणजे हुद्द्याने दफेदार, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. एवढी बढती गाव फुकटात देतं. नगरला रणगाड्याचं ट्रेनिंग झालं आणि एकाहत्तर साली याच जातीच्या रणगाड्याचे ते ड्रायव्हर होते. त्या इंजिनाने आणि वरच्या तोफेने दोन्ही कान नेले. गुडघे नंतर गेले, ते वयाने.

तर मेजर मंगळवारी आरोग्य केंद्रात गेले. केसपेपर काढला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मागितल्या. खिडकीतल्या पोराने सांगितलं, "शिल्लक नाहीत, बाहेरून घ्या." मेजरांना ऐकू आलं नाही. पोराने पुन्हा सांगितलं. तेही नाही. रांगेतला एक गृहस्थ तापला. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, सकाळी सहाला सगळ्या ग्रुपांवर तिरंगा पाठवणारा. तुम्ही ओळखता त्याला. तुमच्या सोसायटीतही आहे. तो म्हणाला, "आजोबा, गोळ्यांसाठी काय रडताय? तिकडे सीमेवर आपले जवान उभे आहेत!"

मेजरांना हेही ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावून "काय?" विचारलं. गृहस्थाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मेजरांनी पुन्हा "काय?" केलं. तिसऱ्या वेळी तो इतक्या मोठ्याने ओरडला की बाळंतिणीच्या खोलीतलं मूल रडायला लागलं. सीमेवर जवान उभे आहेत, ही बातमी अशा रीतीने सीमेवर उभ्या राहिलेल्या जवानाला सोडून सगळ्या केंद्राला पोहोचली.

या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. रेशनच्या रांगेत उभं राहा, बँकेच्या रांगेत उभं राहा, खड्ड्यात पडून हात मोडून घ्या, कुणीतरी हे वाक्य काढतोच. सीमेवर तो जवान स्वतःसाठी उभा नाही, तुम्ही खिडकीवर तोंड उघडू नये म्हणून उभा आहे, असा या लोकांचा समज झालेला दिसतो. आणि गंमत अशी, की तो उभा असेपर्यंतच यांना त्याची आठवण असते. तो बसला, म्हणजे निवृत्त झाला, की तो 'बोजा' होतो. हा शब्द माझा नाही. अर्थसंकल्पाच्या रात्री चर्चेला बसणारे टायवाले तज्ज्ञ हाच शब्द वापरतात. विमान घेतलं की ती 'गुंतवणूक', दवाखाना बांधला की तो 'खर्च' आणि म्हाताऱ्या फौजीला पेन्शन दिली की तो 'बोजा'. २०२५-२६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी होते. त्यातली पेन्शन १ लाख ६० हजार कोटी. आरोग्य खात्याला जवळपास १ लाख कोटी. झालं, तज्ज्ञांनी पेन्शनचा आकडा धरला आणि तासभर हलवला: एवढ्यात किती तोफा आल्या असत्या! आरोग्याचा आकडा कुणी उचललासुद्धा नाही. हलका असल्यामुळे बहुधा टेबलावरून उडून गेला असेल. बोजा हलका करायचा उपायही २०२२ मध्ये सापडलाय. चार वर्षांचा जवान. चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. म्हातारा होईपर्यंत ठेवायचंच नाही, म्हणजे म्हातारपणाचा खर्च नाही. हीच युक्ती आरोग्य केंद्रानेही काढलेली आहे, फक्त तिला योजनेचं नाव दिलेलं नाही.

तरतूद नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मराठीत बंदुकीचीही गोळी असते आणि ब्लडप्रेशरचीही. गोळीला तरतूद आहे. कुठल्या, ते खिडकीवर विचारायचं नसतं.

युद्ध नको म्हणणारा मी नाही. शेजारी कसे आहेत हे दिसतंय, तोफा लागतील, विमानं लागतील, घ्या. पण वाद घालायचाच तर एका प्रश्नाचं उत्तर द्या. सात डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. शाळेतली पोरं छातीला कागदी झेंडा टाचतात आणि माजी सैनिकांच्या, शहिदांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी डबा फिरतो. आपणही त्यात दहाची नोट टाकतो आणि दिवसभर देशभक्त असतो. ठीक. आता सांगा, क्षेपणास्त्रासाठी असा डबा फिरताना शेवटचा कधी पाहिलात? १९६२ साली बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं होतं, मान्य. पण ते संकट होतं आणि ते एकदाच आलं. आमच्या मेजरांच्या गुडघ्यावर दरवर्षी सात डिसेंबर येतो. तोफ तिजोरीतून येते आणि तोफेने गेलेला कान डब्यातून! डब्यातून का? त्याने तो कान डब्यातून दिला होता का?

कानाच्या यंत्रासाठी मेजर माजी सैनिकांच्या दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी घेऊन शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात गेले होते. तिथे सांगितलं, सरकारकडून बिलं थकलीत, कॅशलेस बंद आहे, आधी पैसे भरा, मग क्लेम करा. पैसे भरायला मेजर पेन्शनवर अवलंबून आणि पेन्शन हयातीच्या दाखल्यावर. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. गियर ओढून ओढून घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत. मग नातू फोन समोर धरतो, चेहरा दाखवायचा, पापणी लववायची. गेल्या वेळी मेजरांनी पापणी लववली नाही. नातू "आजोबा, पापणी!" म्हणून ओरडत होता, ते ऐकू आलं नाही. त्यामुळे महिनाभर ते कागदोपत्री संशयास्पद होते. रणगाड्याला हयातीचा दाखला लागत नाही. इंजिन काढून नेलंय, झाकणं वेल्डिंगने बंद केलीत, आत चार माणसांच्या जागी कबुतरं आहेत, आणि तरी त्याचा निधी वेळेवर येतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च सकल उत्पादनाच्या अडीच टक्के करू. २०२५ येऊन गेलं. अडीच टक्के अजून वाटेत आहेत. केंद्राला विचारलं तर आरोग्य हा राज्याचा विषय, राज्याला विचारलं तर निधी केंद्राचा, आणि खिडकीवर विचारलं तर बाहेरून घ्या.

परवा रंग ओला होता तरी पोरं सेल्फीला आली होती. मेजर नेहमीच्या जागी, पट्ट्यापाशी, सावलीत बसलेले. एक पोरगा म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

मेजरांना ऐकू आलं नाही. ते फोटोत आले.