विटाळाचे अमेरिकी शास्त्र

समाजवादाला अमेरिकेच्या राजकारणात लागलेला विटाळ कसा धुवावा, यावर तेथील सुधारकांनी बरीच डोकेफोड केली असली, तरी त्या विटाळाचे शास्त्र जुन्या मराठी घरांतील सोवळ्या-ओवळ्याइतकेच काटेकोर आहे, याकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. त्याचा मूळ नियम असा, की सरकारी मदत शेजाऱ्याच्या दारी गेली तर तो समाजवाद होय, आणि स्वतःच्या दारी आली तर तो घामाने कमावलेला हक्क होय.

'मेडिकेअर' म्हणजे मुख्यतः पासष्टी गाठलेल्या नागरिकांसाठी केंद्र सरकार चालवत असलेला आरोग्यविमा. अशा विम्याचा प्रस्ताव चर्चेत असताना, १९६१ मध्ये, डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली आणि डॉक्टरांच्या पत्नींनी मैत्रिणींना कॉफीला बोलावून ती ऐकवावी, अशी योजना आखली. वैद्यकाच्या वाटेने समाजवाद घरात शिरतो, असा तिचा आशय होता. १९६५ मध्ये कायदा झाला, म्हातारी माणसे सरकारी खर्चाने इस्पितळातून बरी होऊन परतू लागली, आणि १९८८ मध्ये त्याच विम्याचा विस्तार करणाऱ्या कायद्यावर सही झाली ती राष्ट्राध्यक्ष रेगन यांची. तो विस्तार पुढच्याच वर्षी रद्द झाला खरा, पण तो समाजवादी ठरला म्हणून नव्हे, तर त्याचा खर्च ज्येष्ठांच्याच माथी पडत होता म्हणून. २००९ मध्ये तर ओबामांच्या आरोग्यसुधारणेवर संतापलेल्या दक्षिण कॅरोलायनातील एका नागरिकाने, सरकारने आपल्या मेडिकेअरला हात लावू नये, असे लोकप्रतिनिधीला भर सभेत बजावले. सोवळे अंगवळणी पडल्यावर ते विणले कोणी, हे कोण विचारतो?

विटाळ सर्वांत कडक पाळणारे प्रांतही पाहण्याजोगे आहेत. अलास्कात तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या सार्वजनिक निधीचा लाभांश १९८२ पासून रहिवाशांना वाटला जातो, नॉर्थ डकोटात शेतकऱ्यांच्या चळवळीतून १९१९ मध्ये निघालेली राज्याच्या मालकीची बँक आजही चालते, नेब्रास्कात घरोघरची वीज सार्वजनिक वीजमंडळांकडून किंवा सहकारी संस्थांकडून येते, आणि तिन्ही राज्ये अध्यक्षपदासाठी अनेक दशके रिपब्लिकन उमेदवारालाच कौल देत आली आहेत. (साखर कारखान्यातून आमदार निघताना पाहिलेल्या मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही.)

समाजवादाचे नाव उघडपणे लावणाऱ्यांचे मात्र हाल झाले. युजीन डेब्स यांनी युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगवास भोगत असताना १९२० ची अध्यक्षीय निवडणूक लढवून नऊ लाखांवर मते मिळवली, पण विटाळ तसूभरही कमी झाला नाही. उलट मिलवॉकीच्या समाजवादी महापौरांनी क्रांती बाजूला ठेवून गटारे, पाणी आणि उद्याने यांत लक्ष घातले, तेव्हा त्यांच्याच पंथातील पंडितांनी त्यांना 'गटारी समाजवादी' म्हणून हिणवले. त्यांपैकी डॅनियल होन मात्र १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षे महापौर राहिले. विटाळावर मैलापाण्याचा उतारा चालतो, हे कोणत्याही धर्मशास्त्रात सापडणार नाही. भारतात समाजवादाच्या विटाळाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण येथे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावरील निष्ठा कायद्याने लिहून द्यावी लागते, मग तो रोज सकाळी शेअरबाजाराची आरती का ओवाळीना.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कने झोहरान ममदानी यांना महापौर निवडले. ते स्वतःला लोकशाही समाजवादी, म्हणजे मतपेटीच्या मार्गाने सार्वजनिक सेवा वाढवू पाहणारे, म्हणवतात. त्याच महिन्याच्या २१ तारखेला प्रतिनिधिगृहाने समाजवादाच्या भीषणतेचा निषेध करणारा ठराव २८५ विरुद्ध ९८ मतांनी संमत केला, आणि त्याच दिवशी, ममदानींना कम्युनिस्ट ठरवून मोकळे झालेल्या अध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. ट्रम्प यांच्या सरकारने ऑगस्टमध्येच इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला होता. ठरावात लेनिन, स्टालिन, माओ आणि कॅस्ट्रो यांची नावे होती, इंटेलचे नव्हते.