लोंबतं पोट आणि कलम आठ

वजन गेल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मागं राहिलेल्या कातडीबद्दल. लग्न उरकून वऱ्हाड घरी गेलं तरी मांडव उतरवायला कुणी येऊ नये, तशी ती बेंबीखाली लोंबते आहे.

लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवायला शिकवल्यापासून बारीक होणं हा आमच्या मराठवाड्यात सार्वजनिक कार्यक्रम झाला आहे. कुंथलगिरीचा खवा ज्या जिल्ह्यात होतो, तिथं राहून मी तो पार पाडला. त्याबद्दल निम्म्या गल्लीनं “शुगर निघाली का?” असं विचारलं. उरलेल्या निम्म्या गल्लीनं विचारलं नाही, ठरवूनच टाकलं.

धाराशिवच्या उन्हाळ्यात कातडीच्या घडीत घाम साठतो, घामात बुरशी धरते, मग चट्टे आणि खाज. मलम लावलं की जातं, थांबवलं की येतं. पट्टा घडीच्या वर बांधावा तर पँट उतरते, खाली बांधावा तर काचतो. शिंप्यानं माप घेताना विचारलं, “हे आत घ्यायचं का बाहेर ठेवायचं?” त्याच्या धंद्याचा प्रश्न होता, मी रीतसर उत्तर दिलं.

सोलापूरच्या सर्जननं सांगितलं, वजन सहा महिने तरी स्थिर राहू द्या, मग लोंबती कातडी काढून टाकू. या ऑपरेशनला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. पोटाचे स्नायू आवळून कंबर घडवतात ते वेगळं, आणि ते मी मागितलेलंही नव्हतं. तरी विमा कंपनीचं पत्र आलं की, ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी असल्यानं क्लेम नामंजूर. पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं एकदा माझ्याकडं, एकदा पत्राकडं पाहिलं आणि ती चहा टाकायला गेली.

पॉलिसी मी तेव्हा पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. कशाचे पैसे द्यायचे नाहीत, याची एकसारखी भाषा विमा नियामकानं २०१९ साली सगळ्या कंपन्यांना ठरवून दिली. त्यातलं सहावं कलम लठ्ठपणाचं. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर ऑपरेशनचे पैसे मिळू शकतात. ३५ असेल तर जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, आणि आधीचे साधे उपाय फसलेले हवेत. माझे साधे उपाय यशस्वी झाले. तिथंच माझं नुकसान झालं.

आठवं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. अपघात झाला, भाजलं किंवा कर्करोग झाला तर त्यानंतरची पुनर्रचना चालते. यांपैकी एकही गोष्ट मला जमलेली नाही. पण कलम तिथं संपत नाही. शरीराला थेट आणि तात्काळ धोका असेल, उपचार गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं असेल, तरीही पैसे मिळू शकतात. माझे चट्टे मात्र दर चैत्रात येतात. इतक्या वक्तशीर धोक्याला तात्काळ मानायला कंपनी तयार नाही. खात्री करण्यासाठी तिनं पोटाचे फोटो मागवले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मी पाठवले. आता ते कुठल्या शहरात, कुणाच्या टेबलावर आहेत, याचा विचार मी रात्री करत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्याही फोटो मागतात. घडी जांघेच्या हाडापर्यंत लोंबते का ते बघतात, आणि औषध घेऊनही पुरळ काही महिने हटलं नाही तर मंजुरी देतात. निकष चमत्कारिक आहे, पण निकष तरी आहे.

जीएसटीचंही ऐका. आजारावरच्या उपचाराला कर नाही, कॉस्मेटिकला १८ टक्के. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरही १८ टक्केच होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. म्हणजे इतकी वर्षं मी आजारी पडेन म्हणून कर भरला, आणि आता सुंदर होतोय म्हणून भरायचा.

विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची, महिनाभर उत्तराची वाट बघायची, मग वर्षाच्या आत अर्ज करायचा. माझा अर्ज गेला आहे. ज्यांचं पोट असंच मागं राहिलं असेल, त्यांना एकच विनंती: त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारीखवार जपून ठेवा. सर्जनच्या दाखल्यात बुरशी, जखम आणि धोका हे तिन्ही लिहून घ्या. आरशाचा उल्लेख कुठंही येऊ देऊ नका.