यंदा केळं जास्त झालं

ल्यों शहरात आमच्या खालच्या मजल्यावर एक सत्तरीचे मोस्यू राहतात. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. नोव्हेंबर उजाडला की आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी बोजोले नूव्हो ही यंदाची ताजी वाईन बाजारात यायची असते.

"ही वाईनच नव्हे," जिन्यात गाठून ते सांगतात. "सप्टेंबरात वेलीवर, नोव्हेंबरात बाटलीत! अहो, मूल व्हायलासुद्धा नऊ महिने लागतात." हा विनोद मी सहा वर्षं ऐकतोय आणि सहाही वेळा नव्यानं हसलोय. शेजारधर्म!

मग शिकवणी. गामे जातीची द्राक्षं हातानं खुडायची, न चिरडता घडांसकट टाकीत भरायची. कार्बन डायऑक्साइडच्या कोंडमाऱ्यात मण्याच्या आतल्या आतच आंबणं सुरू होतं. थोड्याच दिवसांत रस काढून घेतात, त्यामुळे सालीचा तुरटपणा फारसा उतरत नाही. वास मात्र केळ्याचा आणि लिमलेटच्या गोळीचा. "१३९५ मध्ये ड्यूक फिलिपनं बर्गंडीतून गामे हाकलली, ती उगाच?" हे ते अशा थाटात विचारतात, जणू त्या फर्मानाचा मसुदा यांच्याच हातचा.

१९८५ मध्ये विक्रीसाठी पंधरा नोव्हेंबर सोडून तिसरा गुरुवार धरला, त्या मंडळींचाही उद्धार होतो. ही वाईन जगभर पोचवणारे व्यापारी जॉर्ज द्युबफ २०२० मध्ये वारले, म्हणून त्यांच्यावरची टीका तेवढी हळू आवाजात. जपानात हाकोनेच्या स्नानगृहात लोक या वाईनच्या हौदात डुंबतात, हे कळल्यापासून जपान्यांवर मात्र आजोबा खूश आहेत. "आंघोळीपुरती ठीक आहे."

आणि बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक. "गाडी काढता का?"

जायचं असतं बोजोला, या वाईनच्या स्वागताला. हे गाव ल्योंच्या उत्तरेला, तासाभरावर. द्राक्षवेलींच्या काटक्यांच्या मशाली घेऊन मिरवणूक निघते, पिंपं चौकात येतात आणि ठोक्याला बारा वाजता उघडली जातात. एरवी गुडघे धरून जिना चढणारे आजोबा त्या गर्दीतून पिंपापर्यंत कसे पोचतात, हे मला अजून उमगलेलं नाही. गाडी मला चालवायची, म्हणून माझ्या हातात सफरचंदाचा रस. आजोबा घोट घेतात, डोळे मिटतात.

"यंदा केळं जास्त झालं."

मग खात्री करायला दुसरा पेला. त्यानंतर दुसऱ्याची खात्री करायला तिसरा.

ही जात मला नवी नाही. पुण्यात आमचे एक मामा हापूसच्या पहिल्या पेटीला "यंदा आंब्यात राम नाही" म्हणायचे, तेव्हा रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलेला असायचा.

पहाटे परतलो, तेव्हा डिकीत बारा बाटल्या होत्या. त्यातली माझी एक.