कपॅसिटरकाका

आमच्या पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक असतातच. चहाचं आमंत्रण द्यावं, तर चप्पल निघायच्या आधी खिशातला टेस्टर निघतो. आमचे काका पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. "काय बिघडलंय?" विचारतात आणि आपण तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकतात, "कपॅसिटर!"

पंखा मंद फिरतो? कपॅसिटर. इथवर ठीक. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खरंच कमजोर होतो. पण पाणी आलं नाही, तर महापालिकेचा कपॅसिटर. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा लग्नाला उभा राहत नाही, तर "मोटर उत्तम आहे हो, सुरुवातीचा धक्का मिळत नाही!" हे त्या मुलाच्या आईला, जिन्यात.

आमच्या जुन्या डिशवॉशरमधून भांडी तुपकट निघायला लागली. पाणीच तापेना. कंपनीचा माणूस आला आणि पाना न लावता म्हणाला, "कार्ड गेलंय. या मॉडेलचं कार्ड बंद झालं. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो."

हे काकांच्या कानावर गेलं आणि आमचा रविवार गेला. मशीन आडवं, शेजारी काका आडवे आणि तोंडाचा पट्टा सुरू. "युरोपात 2021 पासून नियम आहे. मॉडेल बंद झालं तरी मोटर, पंप, कार्ड 7 वर्षं द्यावंच लागतं. दाराचं रबर आणि रॅक 10 वर्षं. आपल्याकडे 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल निघालं. पोर्टल माहिती देतं, कार्ड देतं का? टॉर्च नीट धरा."

भिंगाखाली सापडलं. हीटरच्या रिलेखालचा सोल्डर तापून-निवून तडकला होता. काकांनी सोल्डरिंग आयर्न टेकवलं, काम झालं. पण चेहरा पडलेला. कपॅसिटर चांगला निघाला होता! शेवटी "उघडलंच आहे तर" म्हणत त्यांनी मोटरचा कपॅसिटर बदललाच. तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेला, खिशात तयार होता. रॅकचं तुटलेलं चाक जुन्या बाजारातल्या कुठल्याशा खेळण्याचं बसवलं. रॅक तेव्हापासून जरा लंगडतो, पण पाणी कढत येतं.

पैसे घेत नाहीत. काढलेला कपॅसिटर तेवढा घरी नेतात. स्वतःच्या मुलाकडे मात्र काकांना करमत नाही. तिथे काही बिघडलं की दुसऱ्या दिवशी नवीन खोकं दारात येतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या काकांना खुशाल हसा, चहा करून वैतागा, जिन्यात दिसले तर लिफ्टने जा. फक्त घरातल्या एखाद्या पोराला त्यांच्याशेजारी टॉर्च धरायला बसवा. कार्डाला सोल्डर मारता येतो. काकांचं मॉडेल बंद झालं, की त्याचा पार्ट तपकीर गल्लीतही मिळायचा नाही.